यमकच्या पोटाचा नकाशा

३ मार्च

प्रिय डॉक्टरीणबाई,

नात्यानं तू मेहुणी, पण आज काम जनावरांच्या डॉक्टरणीकडे आहे, म्हणून पदवी आधी लिहिली. रागावू नकोस.

तुझी ताई गेली त्याला दीड वर्ष होत आलं. एवढ्या काळात तुझं-माझं बोलणं म्हणजे तीन-चार फोन. तेही कसे, मी 'काय? काय?' म्हणायचं आणि तू किंचाळायचं. शेवटच्या खेपेला शेजाऱ्यांनी दार वाजवून विचारलं, भांडण कुणाशी चाललंय? तेव्हा म्हटलं, पत्र बरं. कागद वाचायला कान लागत नाहीत.

यमकला खाज सुटली आहे. तुझ्या ताईनं पिल्लू असताना उचलून आणलेला तांबूस कुत्रा तो. नाव मी ठेवलेलं. ती घरभर फिरायची आणि हा ओळीच्या शेवटी यमक यावं तसा बरोबर तिच्या मागे येऊन थांबायचा. आता ओळच राहिली नाही, तर यमक बिचारं कुठे जुळणार? दिवसभर खाजवतो, चावतो, चाटतो. केस तर असे गळताहेत की पानगळीत एखादं झाड हळूहळू उघडं पडावं, फांदी न् फांदी दिसू लागावी, आणि आपण खिडकीत बसून नुसतं बघत राहावं.

पण नुसतं बघून भागणार नाही. घरमालक काल जिन्यात अडवून म्हणाले, "ही खरूज आहे. जिन्यात लहान मुलं खेळतात. महिनाअखेर कुत्रा हलवा, नाहीतर मी हलवतो." मी म्हटलं, "खरूज कशावरून?" तर म्हणाले, "मग काय आहे ते सांगा." तेच तुला विचारतो आहे.

या दोन खोल्यांत माझ्याखेरीज श्वास घेणारा तेवढा एकच आहे. काय करू ते लिही.

तुझे भावोजी

९ मार्च

भावोजी,

पत्र मिळालं. झाड, पानगळ, ओळ, खिडकी सगळं कळलं. केस *कुठले* गळताहेत तेवढं कळलं नाही.

आता सांगते ते करा.

कानाची कड चिमटीत धरून चोळा. त्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेचा संशय घ्यायचा. बारीक फणीनं पाठ विंचरा आणि जे पडेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. काळे कण विरघळून तांबूस डाग पडले तर पिसवा. गोल गोल चट्टे आहेत का ते बघा. आणि तुमच्या तिथल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. खरजेचा किडा डोळ्यांना दिसत नाही, घरमालकांच्या तर नाहीच नाही.

शेजाऱ्यांनी सांगितलेलं कुठलंही तेल, मलम, राख लावू नका. तुम्ही लावाल म्हणून आधीच सांगते.

तुम्ही जेवता का वेळेवर?

धाकटी

१८ मार्च

प्रिय धाकटे,

आज्ञेप्रमाणे सर्व केलं. (तेल तुझं पत्र यायच्या आधीच लावलं होतं. पुसून काढलं.)

कानाची कड चोळली. पाय हलला नाही. उलट त्यानं डोळे मिटले आणि डोकं माझ्या मांडीवर ठेवलं. हे लक्षण कशाचं, ते तुझ्या पुस्तकात बघ. ओल्या कागदावर डाग पडला नाही. गोल चट्टे नाहीत.

इथल्या डॉक्टरकडेही नेलं. तरुण आहे, बोलतो कमी. पात्यानं कातडी खरवडली, काचेवर घेतली, बराच वेळ डोळा लावून बसला. मी भिंतीवरचं गायीच्या आतड्याचं चित्र बघत बसलो. शेवटी म्हणाला, "किडा नाही." एवढंच. मला त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही खरवडलं, तरी किडा नाही. खाज कमी व्हायच्या गोळ्या दिल्या. गोळी असेपर्यंत खाजवत नाही, गोळी उतरली की पुन्हा सुरू.

आनंदानं घरमालकांकडे गेलो. तर ते म्हणतात, "नाही नाही म्हणता, मग आहे काय? नाव नसलेला रोग मी जिन्यात ठेवणार नाही." महिनाअखेरचं मात्र पुढच्या महिनाअखेरपर्यंत पुढे ढकललं. चांगले आहेत तसे. भित्रे आहेत.

जेवतो. कशाला विचारतेस? एकट्याचं जेवण म्हणजे शुद्धलेखन तपासल्यासारखं, मान खाली घालून उरकायचं.

तुझे भावोजी

२५ मार्च

भावोजी,

मांडीवर डोकं ठेवणं हे लक्षण कुत्र्याचं. रोगाचं नव्हे.

किडा नाही, पिसू नाही, बुरशी दिसत नाही. राहिलं अन्न, आणि राहिलं त्याच्या आजूबाजूला जे असेल ते. खायला काय घालता? बदललंत का काही? खरं लिहा. ताईच्या मागे तुम्ही त्याला बिस्किटं चारत असाल, मला माहीत आहे. तिच्यासमोरही चारायचात, टेबलाखालून.

आणि केस कुठले गेलेत ते *अजूनही* लिहिलं नाहीत. दोन पत्रं झाली. आता शब्द नकोत. जन्मभर नकाशे काढलेत ना? मग कुत्र्याचा नकाशा काढून पाठवा. जिथे केस नाहीत तिथे रेघा मारा. पाठीकडून एक, पोटाकडून एक.

घाई नाही म्हणणार होते, पण आहे. दवाखान्याची पाटी मी मागच्या हिवाळ्यातच काढली. हात थरथरतो, सुई धरवत नाही. सध्या तुमचा यमक हा माझा एकुलता एक पेशंट आहे. रोज टपालाच्या वेळी मी दाराशी असते. तेव्हा नीट काम करा.

धाकटी

२ एप्रिल

प्रिय धाकटे,

पाटी काढलीस आणि मला आत्ता सांगतेस?

सोबत नकाशा. किती वर्षांनी बोरू हातात घेतला! शाई सुकली होती, नवी आणली. यमकला उताणं पाडण्यात एक दुपार गेली आणि त्याला तसंच ठेवायला पोटावर हात फिरवत बसण्यात दुसरी. पोट लालसर आहे, हात लावला की गरम लागतं.

अन्न तेच. उकडलेलं मांस आणि भात, तुझ्या ताईनं ठरवून दिलेलं. बिस्किटं खाज सुटली तेव्हाच बंद केली, त्याला महिना झाला. एकही नाही. काही फरक नाही. दोघांनाही वाईट वाटलं तेवढं.

काम करताना ऑफिसातला जुना मोठा हॉल आठवला. उतरत्या टेबलांच्या रांगा, उत्तरेकडून येणारा उजेड, आणि वीस-पंचवीस माणसं एकमेकांशी न बोलता नद्या काढताहेत. मी नदी काढताना मनातल्या मनात शाळेतली एखादी कविता म्हणायचो. वृत्ताच्या ठेक्यावर हात वळायचा. साहेब म्हणायचे, "तुमच्या नद्या जरा जास्तच वळतात."

तुझे भावोजी

८ एप्रिल

भावोजी,

नकाशा बघून मी एकटीच मोठ्यानं हसले. प्रमाण दिलंय, सूची दिलीय, वर उत्तर दिशेचा बाणही! उत्तर शेपटीकडे का?

पण खरं सांगू, असा केसपेपर मला उभ्या आयुष्यात कुणी आणून दिला नाही. तुमचा नकाशा नीट बघा. पाठ, मान, कानांच्या वरची बाजू, शेपटीचं मूळ, इथे घनदाट जंगल. पिसवा असत्या तर शेपटीच्या मुळाशीच आधी उजाड झालं असतं. खरूज असती तर कानाच्या कडा आणि कोपरं आधी गेली असती. तुम्ही रेघा कुठे मारल्यात? हनुवटी. छातीचा खालचा भाग. पोट. मांड्यांच्या आतल्या बाजू. चारही पंजे, तेही बोटांच्या मधे.

कुत्रा फरशीवर पसरला की फरशीला जे जे टेकतं, ते सगळं गेलंय. आणि जे टेकत नाही, ते सगळं शाबूत आहे.

म्हणजे जे काही आहे ते खालून येतंय. तो झोपतो कशावर? नवी सतरंजी? नवा साबण? फरशीवर काही नवं? बारीकसारीक आठवून लिहा.

आणि त्याला पंधरा दिवस दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा. अन्न तेच, गोळ्या बंद, फक्त घर वेगळं. मग बघू.

धाकटी

१४ एप्रिल

प्रिय धाकटे,

नवं काहीच नाही. या घरात नवं काय येणार? सतरंजी जुनी, साबण जुना, सगळं तुझ्या ताईच्या वेळी होतं तसंच्या तसं आहे. मी कशालाही हात लावलेला नाही. लावणारही नाही.

मागच्या गल्लीत एक शिंपीण आहे. दुकान तेच घर. यमकला तिच्याकडे आज सोडलं. तिनं कापडाच्या कातरणाचा ढीग दाखवला, म्हणाली, "आजोबा, राजासारखा झोपेल." तो झोपलाही. मी निघालो तेव्हा मान वर करून बघितलं, उठला नाही.

जिना चढताना रोज मागून त्याचं ओलं नाक हाताला लागतं, ते आज लागलं नाही. दोनदा थांबून मागे बघितलं.

पत्र लहान आहे. लिहवत नाही.

भावोजी

५ मे

धाकटे,

बरेच दिवस लिहिलं नाही. तुझं मधलं कार्ड मिळालं. उत्तर द्यायला धीर होत नव्हता.

यमक सुधारतो आहे. शिंपिणीकडे गेल्यापासून चाटणं आधी कमी झालं, मग थांबलंच. पोटाचा लाल रंग गेला, बोटांच्या मधे मऊ लव फुटली आहे. खाणं तेच. गोळी नाही. फक्त घर वेगळं.

म्हणजे कारण सापडलं. तू सभ्य आहेस म्हणून लिहिणार नाहीस, मीच लिहितो. कारण मी आहे.

तू म्हणशील, हे कवितेतलं कारण झालं. पण तूच सांग, दोन घरांत फरक काय? तिकडे मशीनची खडखड, गिऱ्हाइकांचं येणं-जाणं, शिंपिणीची बडबड. इकडे मी. बोलत नाही, हसत नाही, खुर्चीत बसून भिंतीकडे बघतो. त्याच्या अंगाला माझा मूकपणा चावत असणार. शाळेत आम्ही सगळा वर्ग मिळून एका सुरात कविता म्हणायचो. मधेच एखादी ओळ माझ्याकडून सुटायची. वर्ग थांबायचा नाही, पुढे निघून जायचा. मग मी नुसते ओठ हलवत पुढच्या कडव्याची वाट बघत उभा राहायचो. तुझी ताई गेल्यापासून मी तसाच ओठ हलवत उभा आहे. त्यात त्या मुक्या जिवाला का उभं करू?

शिंपिणीला म्हटलं, कायमचा ठेवून घे. ती तयार आहे. परवा त्याची थाळी न्यायला वर आली होती. दारातच उभी राहिली, आत आली नाही, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पदरानं नाक-डोळे पुसत खाली गेली. परक्या बाईलाही माझी दया यावी, इतकं माझं एकटेपण दिसतं वाटतं.

घरमालकांना सांगितलं, कुत्रा जातोय. ते म्हणाले, "वाईट वाटतं हो."  येत्या रविवारी त्याची साखळी आणि सतरंजी नेऊन देणार.

माझी काळजी करू नकोस. संध्याकाळी फरशी पुसून घेतो, की घरात तुझ्या ताईच्या वेळचा वास भरतो. तेवढी सोबत आहे. पुरते.

भावोजी

८ मे

(जलद टपालानं)

भावोजी,

कुत्रा देऊ नका. हे पत्र मिळेल तिथे थांबा. साखळी हातात असेल तर खाली ठेवा.

एकटेपणानं माणूस झिजतो, कुत्र्याची *हनुवटी* झडत नाही. कुत्रा झुरला तर एखादा पंजा चाटून चाटून फोड आणेल. फरशीच्या मापानं पोट कापून नेल्यासारखं टक्कल पडत नाही. जन्मभर मी हेच केलंय, माझ्यावर विश्वास ठेवा.

कसला वास?

मी तुम्हाला विचारलं होतं, फरशीवर काय आहे. तुम्ही लिहिलंत, सगळं ताईच्या वेळचंच आहे. फिनेल ना? किती टाकता? बादलीत पाणी किती असतं? नंतर साध्या पाण्यानं पुसता का? तो त्या ओल्यातच पसरतो ना, गार लागतं म्हणून?

ताई एका भरल्या बादलीत एक झाकण टाकायची. मी डोळ्यांनी पाहिलंय, आमच्या आईची ती शिस्त होती. मग दुसरी बादली साध्या पाण्याची. मग यमकला बाहेरच्या गॅलरीत बांधायची, फरशी खडखडीत वाळेपर्यंत.

आणि एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. तिला तो वास अजिबात आवडत नसे. दोन्ही खिडक्या सताड उघडून ती स्वतःही गॅलरीत जाऊन उभी राहायची, वास जाईपर्यंत. तुम्ही ऑफिसातून यायचात तोवर थोडासा उरलेला असायचा.

ताबडतोब उत्तर पाठवा.

धाकटी

१३ मे

प्रिय धाकटे,

पत्र शनिवारी मिळालं. साखळी खुंटीवरच होती.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. बादली अर्धी. झाकण नाही, बाटलीतूनच ओततो. किती, ते मापानं कधी ठरवलं नाही, नाकानं ठरवलं. घराला तिच्या वेळेसारखा वास यायला लागेपर्यंत ओतायचं. आधी थोडंसं पुरत असे. मग पुरेना. मला वाटलं, हल्लीचं फिनेल पाणचट करतात, म्हणून आणखी ओतत गेलो. कान गेले तेव्हा लोकांनी सांगितलं तरी, नाक जातं तेव्हा कोण सांगणार? पाणी पार दुधासारखं पांढरं होई. दुसरी बादली असते हे मला ठाऊकच नव्हतं. खिडक्या मी लावून घेत असे. वास जाऊ नये म्हणून.

तुझं पत्र घेऊन शिंपिणीकडे गेलो. विचारलं, "बाई, त्या दिवशी दारात रडलात त्या कशानं?" ती आधी लाजली. मग म्हणाली, "आजोबा, रडतंय कोण? तुमच्या घरात पाऊल टाकवेना. डोळे असे झोंबले! म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला कसं सांगायचं." आणि दोघंही हसलो. ती बराच वेळ, मी थोडा.

बाटली फेकली. तीन दिवस नुसत्या पाण्यानं फरशी धुतली, खिडक्या उघडल्या. काल यमकला आणलं. घरमालक जिन्यात भेटले. त्यांना म्हटलं, "रोगाला नाव मिळालं. फिनेल." ते म्हणाले, "अहो, फिनेलनं तर रोग जातात." मग खाली वाकून त्यांनी स्वतः यमकची हनुवटी बघितली आणि म्हणाले, "राहू द्या मग."

सगळं छान झालं, असं लिहून पत्र संपवायला हवं. पण संध्याकाळी खुर्चीत बसलो आणि घराला वासच नव्हता. कसलाच नाही. एवढे दिवस मी समजत होतो की ती गेली आहे, पण घरात थोडी उरली आहे. ती तर त्या वासापासून पळून गॅलरीत उभी असायची. मग मी दीड वर्षं दारं-खिडक्या लावून कुणाला कोंडून ठेवत होतो? काल पहिल्यांदा घर खरोखर रिकामं वाटलं. यमक पायाशी होता तरी.

एक विचारतो. तिचा स्वतःचा वास कसा होता गं? मी आठवायला बसलो, तर फिनेलच आठवतं. त्याच्या मागचं काही दिसत नाही. तू तिच्याजवळ माझ्याआधी कितीतरी वर्षं झोपलीस. तुला आठवत असेल. लिही.

तुझे भावोजी

३० मे

भावोजी,

उत्तराला उशीर झाला. टाळत नव्हते. शोधत होते.

मलाही आठवत नाही.

ट्रंकेतून तिचा एक जुना स्वेटर काढला. नाकाशी धरला, डोळे मिटून बसले. ट्रंकेच्या पत्र्याचा वास आला. उशीखाली ठेवून बघितला, दोन दिवसांनी माझाच वास यायला लागला. मग ठेवून दिला. जनावराला हुंगून रोग ओळखणारी बाई मी, सख्ख्या बहिणीचा वास सांगता येत नाही. तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

मला आठवतात ते तिचे पाय. आम्ही दोघी एका पांघरुणात झोपायचो. तिचे तळवे बारा महिने बर्फासारखे गार. मी झोपेला आले की ते हळूच माझ्या पोटऱ्यांना टेकवायची. मी किंचाळायचे, आई बाहेरून ओरडायची, आणि ही पांघरुणात तोंड खुपसून हसायची. मी रोज म्हणायचे, लग्न करून एकदाची जा.

तुमचं लग्न झालं त्या रात्री मला पहिल्यांदा उबेत झोप लागायला हवी होती. लागली नाही.

ते गार पाय पुढे कुणाच्या वाट्याला आले असतील, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं. आत्ता हे लिहितालिहिता आलं.

तुम्हाला आठवत असतील, भावोजी. त्यांच्याबद्दल लिहा.

धाकटी